पुण्यातली छोटी गाडी आणि आमचा घाट

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींच्या हौसेतून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे म्युझियम आहे. ते १९९८ साली सुरू झाले, म्हणजे आपली कोकण रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी. खोलीत अंधार केला की त्या शहरातले दिवे लागतात, सर्कस दिसते, दोराने ओढलेली गाडी चढण चढते. पोरांपेक्षा बापेच जास्त रमलेले असतात!

मी मात्र आमचा घाट शोधत होतो. कॅसलरॉकहून दूधसागराला लगटून कुळ्याला उतरणारा. ती मीटरगेज १८८८ साली सुरू झाली. बांधली इंग्रज कंपनीने, व्याजाची हमी दिली पोर्तुगीज सरकारने. मुरगाव बंदराला देशावरचा माल मिळेल असा हिशोब होता, तो जमला नाही आणि भुर्दंड लिस्बनच्या तिजोरीला बसला. १९५५ साली नाकेबंदीत कॅसलरॉकच्या पलीकडचा गोव्याचा रस्ता तुटला. नातलग इकडे-तिकडे अडकले. १९६१ नंतर गाडी पुन्हा धावली. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून तिथे ब्रॉडगेज आली.

पुण्याच्या त्या टेबलावर हे नाही, असायचे कारणही नाही. वास्कोच्या कुणा हौशाने मनावर घ्यावे. कॅसलरॉकचे स्टेशन तेवढे १९५५ सालचे दाखवा, रिकाम्या फलाटासकट.