रुपेरी पडद्यावरील रणभूमी : चिनी ऐतिहासिक युद्धपट आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

इतिहास हा विषय ग्रंथालयात आणि वर्गात शिकला जातो, ही समजूत आज अपुरी ठरली आहे. सर्वसामान्य माणसाच्या मनातील भूतकाळाची प्रतिमा मोठ्या प्रमाणावर चित्रपटगृहात घडते. चीनच्या संदर्भात हे विधान विशेष लागू पडते. चीनला राजकीय इतिहासलेखनाची दोन सहस्रकांहून जुनी आणि जवळजवळ अखंड परंपरा लाभली आहे. तरीही चीनबाहेरील प्रेक्षकांस छिन सम्राट अथवा त्साओ त्साओ यांची ओळख प्रामुख्याने झांग यिमोऊ आणि जॉन वू यांच्या चित्रपटांतून झाली. शब्दाने सांगितलेले सैन्य आणि डोळ्यांनी पाहिलेले सैन्य यांत मूलभूत फरक आहे. ‘आठ लक्ष सैनिक’ हे शब्द वाचणारा वाचक त्यावर शंका घेऊ शकतो. तेच सैन्य भव्य पडद्यावर क्षितिजापर्यंत पसरलेले पाहणारा प्रेक्षक सहसा शंका घेत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या माध्यमाकडे गांभीर्याने पाहणे त्यामुळेच भाग पडते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. १) चिनी ऐतिहासिक युद्धपटांच्या उदयाची कारणे तपासणे. २) निवडक चित्रपटांतील चित्रण आणि मूळ साधने यांची तुलना करणे. ३) भव्य पडद्याचा ऐतिहासिक आकलनावर होणारा परिणाम स्पष्ट करणे. यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुख्य विवेचन ‘हीरो’ (२००२) आणि ‘रेड क्लिफ’ (भाग पहिला २००८, भाग दुसरा २००९) या चित्रपटांपुरते मर्यादित ठेवले आहे. अन्य चित्रपटांचा उल्लेख अनुषंगाने येतो.

युद्धपटांच्या उदयाची पार्श्वभूमी

१९९४ पासून चीनने दरवर्षी सुमारे दहा परदेशी चित्रपट उत्पन्नातील वाटा देण्याच्या अटीवर आयात करण्यास प्रारंभ केला. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यानंतर ही मर्यादा वीसपर्यंत आणि २०१२ मध्ये चौतीसपर्यंत वाढली. हॉलिवूडच्या भव्यतेशी स्पर्धा करू शकेल असा देशी चित्रपट ही चिनी चित्रपट व्यवसायाची निकड बनली. या स्पर्धेत चीनजवळ असलेले सर्वांत मोठे भांडवल म्हणजे त्याचा इतिहास होय.

या भांडवलास वास्तूंचे पाठबळ मिळाले. चच्यांग प्रांतातील हंगत्येन येथे चेन काइगे यांच्या ‘द एम्परर अँड द असॅसिन’ (१९९८) या चित्रपटासाठी छिन राजप्रासादाची भव्य प्रतिकृती उभारण्यात आली. पुढे हीच वास्तू ‘हीरो’साठीही वापरली गेली. एकाच राजप्रासादात, एकाच ऐतिहासिक प्रसंगावर, चार वर्षांच्या अंतराने दोन दिग्दर्शकांनी परस्परविरोधी अर्थाचे चित्रपट निर्माण केले, ही बाब अभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘हीरो’ : मारेकऱ्याचे मनपरिवर्तन

या दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी इ. स. पू. २२७ मधील घटना आहे. येन राज्याचा युवराज दान याने छिनचा राजा यिंग झंग याच्या वधासाठी जिंग क याला पाठविले. सिमा चिएन याने ‘शीची’ या इतिहासग्रंथात हा प्रसंग तपशिलाने नोंदविला आहे. येनच्या प्रदेशाचा नकाशा उलगडताना त्याच्या टोकाशी लपविलेली कट्यार बाहेर आली. राजा स्तंभाभोवती पळू लागला. दरबारात शस्त्र बाळगण्याची सरदारांस मनाई होती; खाली उभ्या असलेल्या सशस्त्र रक्षकांस राजाज्ञेशिवाय वर येता येत नव्हते. अखेर राजवैद्याने औषधांची पिशवी मारेकऱ्यावर फेकली, तेवढ्या अवकाशात राजाने आपली लांब तलवार उपसली आणि जिंग क मारला गेला. सिमा चिएनच्या वर्णनात राजाच्या भयाला जागा आहे, तशीच मारेकऱ्याच्या अपयशाविषयी सहानुभूतीही आहे. सत्ताधीशाचे रक्षण करणारे नियमच त्याच्या जिवावर उठतात, हा त्या वर्णनातील सूक्ष्म उपरोध लक्षणीय आहे.

‘हीरो’मध्ये या घटनेचे रूप पूर्णतः पालटते. जेट ली याने साकारलेला अनाम योद्धा राजापासून दहा पावलांवर येऊन बसतो, वध करणे त्याला शक्यही असते. मात्र तो हात आवरतो. ‘तिएनशिया’, म्हणजे आकाशाखालील सर्व भूमी, या संकल्पनेसाठी एका राज्याचे दुःख विसरले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष असतो. राजाज्ञेने त्याच्यावर बाणांचा वर्षाव होतो आणि नंतर त्याला वीराचा अंत्यसंस्कार दिला जातो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या आवृत्तीच्या उपशीर्षकांत या शब्दाचे भाषांतर ‘आपली भूमी’ अशा अर्थाने करण्यात आले. त्यामुळे एका व्यापक राजकीय तत्त्वाला देशप्रेमाचे सोपे रूप मिळाले. एकीकरणासाठी एकाधिकारशाहीचे समर्थन केल्याची टीका या चित्रपटावर चीनमध्ये व चीनबाहेरही झाली.

येथे दृश्याच्या सामर्थ्याचा विचार अपरिहार्य ठरतो. झाओ राज्यातील सुलेखनशाळेवर छिन सैन्याच्या बाणांचा काळा ढग कोसळतो, तो प्रसंग चित्रपटगृहात पाहताना प्रेक्षक प्रथम हल्ला सोसणाऱ्यांच्या बाजूला असतो. बाण छप्पर भेदून आत येतात, तरी वृद्ध गुरू शिष्यांना अक्षरे सोडू देत नाही. या दृश्याला पुरातत्त्वीय आधार आहे. १९७४ मध्ये लिनतुंग येथे उजेडात आलेल्या मृण्मय सैन्याच्या उत्खननात धनुर्यंत्रांचे कांस्य खटके मोठ्या संख्येने मिळाले असून छिन सैन्याच्या शिस्तीचे व शस्त्रनिर्मितीचे ते पुरावे आहेत. तथापि, चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसे हेच सैन्य भयकारी न राहता भव्य वाटू लागते. काळ्या चिलखतांच्या समरूप रांगा, करडे आकाश आणि एका सुरातील घोष यांमुळे प्रेक्षकाची दृष्टी नकळत सिंहासनाच्या पायऱ्यांवर येऊन स्थिरावते.

चेन काइगे यांचा चित्रपट मात्र प्रेक्षकाला तेथे स्थिरावू देत नाही. ‘शीची’नुसार इ. स. पू. २२८ मध्ये झाओची राजधानी हानतान पडल्यावर यिंग झंगने आपल्या मातृकुळाच्या जुन्या वैऱ्यांना जिवंत पुरले. त्याहीपूर्वी, इ. स. पू. २६० मध्ये, चांगफिंग येथे शरण आलेल्या झाओ सैनिकांना छिन सेनापतीने ठार केल्याचे आणि केवळ २४० अल्पवयीनांस सोडल्याचे हाच ग्रंथ नोंदवितो. तेथे दिलेला मृतांचा आकडा चार लक्षांचा आहे. आकडा अतिशयोक्त असू शकेल, परंतु स्मृती खरी आहे. चेन काइगे यांनी झाओच्या बालकांच्या हत्येचे चित्रण करून या स्मृतीला पडद्यावर स्थान दिले. ‘हीरो’मध्ये ‘तिएनशिया’साठी जे विसरण्याचे आवाहन आहे, ते नेमके हेच होय. इ. स. पू. २२१ मध्ये पूर्ण झालेल्या एकीकरणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न एका चित्रपटात विचारला जातो आणि दुसऱ्यात मिटविला जातो.

‘रेड क्लिफ’ : साधनांचे तीन स्तर

चीबी, म्हणजे लाल कड्याची लढाई इ. स. २०८ च्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर झाली. उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याच्याविरुद्ध सुन च्वान आणि लिऊ बेई यांच्या संयुक्त सैन्याने विजय मिळविला आणि चीनची पुढील त्रिराज्य विभागणी निश्चित झाली. या लढाईची माहिती तीन स्तरांवर उपलब्ध आहे. पहिला स्तर म्हणजे चेन शोऊ याने तिसऱ्या शतकात लिहिलेला ‘सानक्वोची’ हा इतिहास. दुसरा, पेई सोंगझी याने इ. स. ४२९ मध्ये त्यावर पूर्ण केलेली विस्तृत टीका. तिसरा, लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेली ‘सानक्वो यानयी’ ही कादंबरी. मराठी वाचकास बखर आणि समकालीन कागदपत्रे यांतील अंतर परिचित आहे. ‘यानयी’ आणि ‘सानक्वोची’ यांतील अंतर काहीसे त्याच प्रकारचे, किंबहुना अधिक आहे.

विशेष म्हणजे पहिल्या दोन स्तरांतही एकवाक्यता नाही. ‘सानक्वोची’तील त्साओ त्साओच्या चरित्रात लढाई प्रतिकूल गेली, साथीचा रोग पसरला, अनेक माणसे मेली आणि सैन्य परतले, एवढाच त्रोटक मजकूर आहे. झोऊ यूच्या चरित्रात मात्र सेनानी ह्वांग गाय याची खोटी शरणागती आणि अग्निनौकांचा हल्ला सविस्तर येतो. पेईच्या टीकेत उद्धृत केलेल्या एका पत्रात तर रोगराईमुळे आपणच जहाजे जाळून माघार घेतली व झोऊ यूला फुकाचे नाव मिळाले, असा दावा त्साओ त्साओ करतो. संख्येचेही तसेच आहे. आठ लक्ष सैन्याची वल्गना त्साओ त्साओची होती. झोऊ यूच्या अंदाजाने उत्तरेचे सैन्य फार तर पंधरा-सोळा अयुत (एक अयुत म्हणजे दहा हजार) आणि त्याशिवाय जिंग प्रांतातील शरण आलेले सात-आठ अयुत होते. झोऊ यूच्या हाताखाली तीस हजार सैनिक देण्यात आले.

जॉन वू यांनी या तिन्ही स्तरांतून निवड केली आहे. ‘यानयी’मधील झोऊ यू मत्सरी आहे आणि झूगे लिआंगच्या डावपेचांनी संतापून मरतो. ‘सानक्वोची’तील झोऊ यू मात्र उदार मनाचा असून इ. स. २१० मध्ये आजाराने मरण पावतो. मद्याचे तीन प्याले झाल्यावरही चुकीचा सूर त्याच्या कानातून सुटत नसे, अशी त्याची ख्याती होती. चित्रपटातील झोऊ यू या दुसऱ्या प्रतिमेशी जुळतो, आणि झूगे लिआंगबरोबर तो तंतुवाद्य वाजवितो तो प्रसंग त्याच ख्यातीचा विस्तार आहे. कादंबरीतील झूगे लिआंग वेदीवर विधी करून पूर्वेकडील वारा मागतो. चित्रपटात तो हवामानाच्या निरीक्षणावरून वारा फिरण्याची वेळ सांगतो. येथे चित्रपट कादंबरीपेक्षा इतिहासाच्या जवळ जातो.

दुसऱ्या बाजूने लोकप्रिय दंतकथाही कायम राहतात. गवताच्या नौकांवर शत्रूचे बाण झेलून ते गोळा करण्याची युक्ती कादंबरीने झूगे लिआंगच्या नावावर घातली. पेईच्या टीकेतील मूळ कथा इ. स. २१३ मधील असून सुन च्वानच्या जहाजाची आहे. एका बाजूस बाण रुतल्याने जहाज कलले, तेव्हा तोल सावरण्यासाठी त्याने ते फिरविले. संकटातील एक सुटका हजार वर्षांत अलौकिक बुद्धिमत्तेची कथा बनली आणि पडद्याने तिला दृश्य पुरावा दिला. सुन च्वानच्या बहिणीने शत्रूच्या छावणीत जाऊन केलेली हेरगिरी तर सर्वस्वी काल्पनिक आहे.

भव्य पडद्याचा परिणाम येथेही संख्येतच सर्वाधिक जाणवतो. पहिल्या भागाच्या अखेरीस झूगे लिआंगने सोडलेले कबुतर नदी ओलांडून त्साओ त्साओच्या छावणीवरून उडत जाते. प्रेक्षक त्या पक्ष्याच्या नजरेने हजारो जहाजे आणि तंबू पाहतो. ही जहाजे बव्हंशी संगणकनिर्मित आहेत. इतिहासकार ज्या आकड्यास वल्गना म्हणून बाजूस सारतो, तोच आकडा पडद्यावर वस्तुस्थिती म्हणून अवतरतो. दूरचित्रवाणीवर हे घडत नाही. १९९४ च्या ८४ भागांच्या मालिकेत कथेची व्याप्ती विशाल होती, परंतु छोट्या पडद्यावर मुद्रा आणि संवाद यांनाच प्राधान्य मिळाले. संख्या ही चित्रपटगृहाची भाषा आहे.

तरीही ‘रेड क्लिफ’चा शेवट विजयोत्सवाने होत नाही. ‘यानयी’त ग्वान यू त्साओ त्साओला जाऊ देतो, येथे झोऊ यू त्याला सोडतो आणि या रणभूमीवर कोणीच जिंकलेले नाही, अशी जाणीव व्यक्त होते. रोगाने मेलेल्या सैनिकांची प्रेते त्साओ त्साओ तराफ्यांवरून पैलतीरी पाठवितो. हा कल्पित प्रसंग ‘सानक्वोची’तील साथीच्या नोंदीस मानवी चेहरा देतो. चीनबाहेर बहुतांश ठिकाणी प्रेक्षकांस दोन भागांऐवजी सुमारे अडीच तासांची एकच आवृत्ती पाहावयास मिळाली आणि मूळ चित्रपटाचा मोठा भाग गळाला. दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचलेला इतिहास हा असा आणखी एकदा संक्षिप्त झालेला असतो.

नंतरचा कालखंड

२०१० नंतर मोठ्या पडद्यावरील चिनी युद्धपटांचा कल प्राचीन काळाकडून विसाव्या शतकाकडे वळलेला दिसतो. १९३७ मधील शांघायच्या गोदाम-संरक्षणावरील ‘द एट हंड्रेड’ हा चित्रपट जून २०१९ मध्ये शांघाय महोत्सवाच्या उद्घाटनातून ऐनवेळी मागे घेण्यात आला आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रदर्शित झाला. ते रक्षणकर्ते राष्ट्रवादी पक्षाच्या सैन्यातील होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९५० च्या कोरिया युद्धावरील ‘द बॅटल ॲट लेक चांगचिन’ने २०२१ मध्ये चिनी चित्रपटांच्या उत्पन्नाचा तोवरचा विक्रम मोडला. त्यातील गोठून मेलेल्या सैनिकांविषयी समाजमाध्यमावर उपहासात्मक मजकूर लिहिणाऱ्या एका पत्रकारास २०२२ मध्ये सात महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. सिमा चिएन राजाचे भय नोंदवू शकला; पडद्यावरील स्मृती कायद्याच्या संरक्षणाखाली आल्यावर मात्र तिच्याविषयी प्रश्न विचारणेही कठीण होते.

निष्कर्ष

१) चिनी ऐतिहासिक युद्धपटांचा उदय बाजारपेठेतील स्पर्धा आणि राष्ट्रीय आत्मप्रतिमा या दोहोंच्या संयोगातून झाला.

२) हे चित्रपट सरसकट अनैतिहासिक नाहीत. ‘रेड क्लिफ’ काही बाबतींत कादंबरीपेक्षा मूळ इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे.

३) साधनांतील मतभेद ही इतिहासाची खरी संपत्ती होय. पडदा एका वेळी एकच रणभूमी दाखवितो, त्यामुळे हे मतभेद प्रथम लोप पावतात.

४) भव्यता तटस्थ नसते. सैन्य उंचावरून दाखविले की प्रेक्षक सेनापतीच्या जागी जातो. तेच जमिनीवरून दाखविले की तो मरणाऱ्याच्या शेजारी असतो. कॅमेऱ्याची जागा हीच दिग्दर्शकाची इतिहासविषयक भूमिका ठरते.

सारांश, इतिहासाच्या अध्यापकाने अशा चित्रपटांकडे पाठ फिरविण्यात लाभ नाही. चित्रपट पाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ‘शीची’तील जिंग कचा वृत्तान्त अथवा त्साओ त्साओच्या चरित्रातील त्या मोजक्या ओळी ठेवाव्यात आणि पडद्यावर काय दिसले नाही, हे त्याला शोधू द्यावे. चांगफिंगच्या मृतांसाठी हंगत्येनच्या राजप्रासादात दालन नाही. ते ग्रंथातच शोधावे लागते.