कौलापासून कंटेनरपर्यंत

दूधगंगेच्या काठावरील बोरगाव-निपाणी परिसरात घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, सोपा, माजघर आणि वर कौल अशी रीत दीर्घकाळ होती. परंतु त्यातले मंगळुरी कौलही बाहेरूनच आले, कारण त्याचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला होता. त्यामुळे कंटेनरसारखा परका माल घराला चालत नाही हा आक्षेप इतिहासाला धरून नाही.

कंटेनर, म्हणजे जहाज, रेल्वे आणि ट्रक यांवर माल न उतरवता नेता येणारी धातूची पेटी, माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजावरून 1956 मध्ये नेवार्कहून ह्यूस्टनला गेली, तेव्हा अशा पेट्या 58 होत्या. अमेरिकेत फिलिप क्लार्क यांना अशा पेट्यांपासून राहण्याजोगी इमारत उभारण्याचे पेटंट 1989 मध्ये मिळाले.

वीस फुटी पेटी बाहेरून आठ फूट रुंद असते, म्हणजे आत खाट आडवी टाकली की चालायला जेमतेम वाट उरते. एकावर एक रचलेल्या पेट्यांचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो. नागमोडी पत्र्याच्या भिंतीही पेटीला ताठ ठेवतात, म्हणून दारे-खिडक्यांसाठी त्या कापल्यास चौकटीला लोखंडी आधार द्यावा लागतो. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या जमिनीत पायाही भक्कम हवा. उन्हाळ्यात पत्रा तापतो, मातीची भिंत मात्र उष्णता उशिरा आत सोडते. तेव्हा उष्णतारोधक थर आणि वर वेगळे छप्पर नसेल, तर या भागात कंटेनर कोठारालाच बरा.