टाळेबंदीतील नाटक आणि नाट्यपरीक्षण

नाट्याच्या जन्मकथेतच विघ्नांची कथा गुंफलेली आहे. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला प्रयोग सुरू होताच विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती स्तंभित केली, असे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले. म्हणजे नाट्यगृह मूलतः प्रयोगाच्या रक्षणार्थ निर्माण झाले. २०२० साली मात्र माणसांच्या रक्षणार्थ नाट्यगृहेच बंद करण्याची वेळ आली. त्या काळात नाटकाचे काय झाले, आणि नाटकाचे परीक्षण करणाऱ्याने कशाचे परीक्षण केले, याचा विचार आता थोड्या अंतरावरून करता येईल.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने मुंबई, पुणे, नागपूर आदी शहरांतील नाट्यगृहे बंद करण्याचे जाहीर केले. त्यासाठी आधार घेतला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धुमाळीत जन्मलेला हा कायदा १२३ वर्षांनी पुन्हा रंगभूमीच्या दारात उभा राहिला. २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी आली. त्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली भरावयाचे शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन पुढे ढकलावे लागले. ते अखेर जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड येथे पार पडले. गोमंतकात कोंकणी नाटक आणि तियात्र थांबले, आणि देवळांचे उत्सव नित्यविधीपुरते उरले. देवळाच्या मांडावरील नाटक हा ज्या समाजाच्या उत्सवाचाच एक भाग, त्याला ही उणीव किती जाणवली असेल हे सांगावयास नको.

याहून बिकट अवस्था तिकीट, पडदा आणि जाहिरात यांच्याशी काहीच संबंध नसलेल्या नाट्याची होती. दादरा व नगर हवेलीचे उदाहरण घ्यावे. पोर्तुगीज अमलातून हा मुलूख १९५४ साली मुक्त झाला. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार प्रत्यक्ष उतरला होता, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. सिल्वासा, वासोणा या परिसरात वारली, कोकणा, धोडिया हे समाज नांदतात. कोकणा लोकांची बोली मराठी आणि कोंकणी या दोहोंशी नाते सांगते. त्यांचा मुखवट्यांचा भवाडा आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा ही एकाच कुळीची सोंगे होत. तेथे परीक्षण छापून येत नाही. सभोवती दाटीने उभा असलेला गाव हाच परीक्षक. ज्या नाट्याला गर्दी हेच रंगमंदिर, त्याला गर्दीची मनाई झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर नेण्याजोगे फारसे काही उरत नाही.

नागर रंगभूमीने मात्र पडद्याचा आश्रय घेतला. लंडनच्या नॅशनल थिएटरने २ एप्रिल २०२० पासून आपल्या जुन्या प्रयोगांची चित्रमुद्रणे दर आठवड्याला घरबसल्या दाखविण्यास आरंभ केला. मराठीत जुलै २०२० मध्ये हृषिकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक निराळ्या रीतीने सादर केले: पाच अभिनेत्री आपापल्या घरांतून एकाच वेळी भूमिका करीत आणि प्रेक्षक आपापल्या घरून ते पाहत. या प्रकाराला ‘नेटक’ असे नावही मिळाले. या दोन प्रकारांतील भेद परीक्षकाने ध्यानात घेतला पाहिजे. चित्रमुद्रणात प्रयोग पूर्वीच होऊन गेलेला असतो, आणि कोठे पाहावे हे प्रेक्षकाऐवजी कॅमेरा ठरवितो. दुसऱ्या प्रकारात काळ सर्वांचा एक असतो, स्थळ मात्र एक नसते. पहिल्यात स्मृती आहे, दुसऱ्यात जोखीम आहे. आणि जोखीम हा नाटकाचा प्राण असल्यामुळे दुसरा प्रकार नाटकाच्या अधिक जवळचा म्हणावा लागेल.

तरीही एक गोष्ट दोहोंतही नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. स्मित, हास्य, साधुकार, हळहळ, रोमांच ही मानुषी सिद्धीची लक्षणे तेथे मोजली आहेत, आणि प्रयोगाचा निर्णय करणारे प्राश्निक कसे असावेत हेही सांगितले आहे. म्हणजे यश रंगमंचावर आणि प्रेक्षागृहात मिळून घडते, आणि प्राश्निक ते तेथेच बसून तोलतो. टाळेबंदीत त्याच्यापुढे प्रयोग होता, परंतु सिद्धीची चिन्हे नव्हती. विनोदावर घर हसले की नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

यावर कोणी म्हणेल की, मराठीतील नाट्यसमीक्षा पुस्तकावरूनच वाढली. ते खोटे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९३ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘विक्रमशशिकला’ नाटकावर टीका लिहिली, ती कृतीची चिकित्सा म्हणून गाजली. परंतु संहितेची चिकित्सा आणि प्रयोगाचे परीक्षण ही दोन कामे आहेत. पहिले एकांतात होऊ शकते. दुसऱ्याला सभा लागते. टाळेबंदीतील परीक्षणांत जी उत्तम ठरली, त्यांनी ही मर्यादा लपविली नाही. आपण काय, कोठे, कोणत्या साधनावर पाहिले हे त्यांनी आधी सांगितले आणि मगच मत दिले. ज्यांनी चित्रमुद्रण पाहून प्रयोगाची भाषा वापरली, त्यांनी नटावर आणि वाचकावर दोघांवरही अन्याय केला.

५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नेमक्या मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या आसनांच्या अटीवर महाराष्ट्रातील नाट्यगृहांना परवानगी मिळाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले त्या घटनेचे स्मरण म्हणून हा दिवस पाळला जातो. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दारे लागली, ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनश्च अर्ध्या आसनांनिशी उघडली. एक खुर्ची सोडून बसलेल्या, मुखपट्टी बांधलेल्या प्रेक्षकांचे हसू विरळ ऐकू येई. त्यावरून नट उणा पडला असा निर्णय देणे योग्य नव्हते. अशा वेळी परीक्षकाचे काम न्यायाधीशाचे कमी आणि साक्षीदाराचे अधिक होते.

ही साक्ष जपणे महत्त्वाचे आहे. मोठ्या शहरांतील नाटकांची नोंद वृत्तपत्रांत राहिली. देवळाच्या मांडावरील नाटकांची, दशावताराची, भवाड्याची नोंद क्वचितच राहिली. त्या दोन वर्षांत कोणता उत्सव नाटकाविना गेला, कोणते सोंग निघाले नाही, कोणता वृद्ध कलावंत त्यानंतर पुन्हा उभा राहू शकला नाही, हे सांगणारी माणसे अजून आपल्यांत आहेत. प्रत्येक देवस्थानाच्या उत्सवसमितीने एक वही करून ही माहिती लिहून ठेवावी, आणि यापुढे होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाची तिथी, भूमिका आणि रसिकांनी दिलेली दाद याचीही नोंद तीत करावी. विघ्ने पुन्हा येतील. ती ओसरल्यावर मांड पुन्हा कसा घालावा, हे पुढच्या पिढीला त्या वहीतून कळेल.