पाळणा आधी का बांधीत नसत

स्मरणिकेसाठी ‘काही जुन्या काळचे’ लिहून द्या, असा निरोप मंडळाच्या चिटणीसबाईंनी धाडला. चांद्याच्या परकोटाविषयी किंवा गोंडराजांविषयी मी लिहावे असे त्यांच्या मनात असावे. परंतु त्यावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत, आणि खरे सांगायचे तर सध्या माझे लक्ष घराबाहेर नाहीच. माझ्या धाकट्या सुनेला चौथा महिना लागला आहे. ओकाऱ्या थांबल्या, तोंडाला चव आली, आणि पोरीने लगेच घर आवरायला काढले. मागची खोली चुन्याने पांढरी करायची, खिडकीला जाळी बसवायची, पाळणा कुठे टांगायचा, अशी तिची यादी चालली होती. ती ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेले, “इतक्यात कशाला? आधी पाळणा बांधू नये.”

“का बरे, आई?” तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. ह्या लेखात ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे. चिटणीसबाईंनी त्यालाच जुन्या काळचे समजून घ्यावे.

आमच्या वेळी तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट घरातल्या दोन बायकांपलीकडे जात नसे. पुढे पाचव्यात चोरओटी भरायची, तीही तिन्हीसांजेला दार लोटून. तयारी होत नसे असे मात्र नाही. डिंक, सुंठ, खारका जमवून ठेवीत, शेगडीसाठी गोवऱ्या वेगळ्या रचीत, बाज विणून घेत. परंतु ही सारी तयारी बाळंतिणीची. बाळासाठी म्हणून काही मांडायचे नाही. जुनी लुगडी धुऊन घडी करून ठेवली जात, पण कोणी विचारलेच तर ‘जुनेर आहे, पोतेऱ्याला होईल’ असे सांगायचे. येणाऱ्या जिवाचे नाव कोणत्याही वस्तूला चिकटू द्यायचे नाही, असा तो दंडक होता.

मला पहिल्यांदा दिवस गेले ते १९८३ साली. आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला होता. यजमानांची नेमणूक नव्या कचेरीत झाल्यामुळे आम्ही गडचिरोलीत बिऱ्हाड केले होते. बाळंतपणाला मी सिंदेवाहीकडच्या माहेरी गेले. श्रावण होता. मुलगा झाला, रडलाही चांगला. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याने अंगावर पिणे सोडले. हातपाय गार लागू लागले. दाई म्हणाली, बाहेरचे आहे. नाल्याला पूर, मोटार बंद. आम्ही शेगडी जवळ ओढली, अंगारा लावला. उजाडायच्या आत सारे संपले. त्याच्या नावाची म्हणावी अशी एकच वस्तू घरात राहिली होती, मनगटातला काळा दोरा.

सासूबाई भेटायला आल्या. बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “बरे झाले, पाळणा बांधला नव्हता.” ह्या एका वाक्याचा राग मी किती वर्षे मनात धरला ते माझे मलाच ठाऊक. पुढे मला दोन मुले झाली, तरी तो गेला नाही.

तो गेला एका आकड्याने. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. १९८८ साली त्यांनी आसपासच्या गावांत मोजणी केली, तेव्हा जन्मलेल्या दर १००० मुलांपैकी १२१ वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे आठातले एक. सासूबाईंना आठ बाळंतपणे झाली होती आणि त्यांपैकी तीन मुले त्यांनी पुरली होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईला हा हिशेब अहवालावाचून ठाऊक होता. ज्या घरातून इतकी मुले उठून जातात, त्या घरात रिकामा पाळणा डोळ्यांसमोर टांगलेला राहू नये, एवढीच त्या दंडकामागची माया. त्याला आपण अंधश्रद्धा म्हणून हसतो. मीही हसले आहे.

परंतु ह्या मायेला दुसरी बाजूही होती. मूल राहील याची खात्री नाही म्हणून तयारी नाही, आणि तयारी नाही म्हणून मूल राहात नाही, असे हे रहाटगाडगे. १९९५-९६ साली सर्चने ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची जन्मापासून घरोघर जाऊन पाहणी केली. शेकडा ९५ बाळंतपणे घरीच झालेली. शेकडा ४२ बाळे अडीच किलोहून कमी वजनाची. औषधपाण्याची गरज पडावी इतकी निम्म्याहून अधिक बाळे आजारी झाली, आणि ते मिळाले शेकडा तिघांनाही नाही. पिणे सुटणे, अंग गार पडणे, रड क्षीण होणे ही रक्तात जंतू भिनल्याची लक्षणे असू शकतात, हे मी पुढे वाचले. वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले.

त्या गावांत मग जे झाले त्याला मी आपल्या भागाचा इतिहास म्हणते, परकोटाइतकाच मोठा. प्रत्येक गावातली एक बाई, बेताची शिकलेली, निवडून ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केली. माझ्या नणंदेचे गाव त्यांत होते, म्हणून हे मी जवळून पाहिले. ही बाई दिवस गेलेलीच्या घरी बाळंतपणाच्या आधीच जाई. बाळाला कोणत्या खोलीत ठेवणार? वारा कुठून येतो? कपडे उन्हात वाळवलेले आहेत का? नाळ कशाने कापणार? पहिले दूध पिळून टाकणार तर नाही ना? म्हाताऱ्या आरंभी रागावत. बाळाचे बोलणे आधी काढायचेच नाही, तिथे ही कपडे मोजायला बसलेली! तिच्या थैलीत वजनाचा काटा, उष्णतामापक, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी आणि सुई असे. गावातली बाई तान्ह्याला सुई टोचते म्हणून पुरुषमंडळींनी पारावर टवाळी केली. पुढे त्यांच्याच घरून अर्ध्या रात्री कंदील घेऊन तिला बोलावणे येऊ लागले, आणि टवाळी आपोआप थांबली.

काम सुरू होण्यापूर्वी त्या गावांत दर १००० जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत अशी घट झाली नाही. १९९९ साली विलायतेतल्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने हे छापले. २००५ नंतर गावोगावी ‘आशा’ आल्या, आणि २०११ पासून घरी जाऊन तान्ह्याला तपासणे हे देशभर त्यांचे काम ठरले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळालाही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई पाहून जाते. पाचव्या दिवसाच्या आधी एकदा आणि नंतर लगेच एकदा. हे दिवस मी सुनेच्या कॅलेंडरावर आत्ताच लिहू पाहात होते, पण प्रसूतीची तारीख काय ती देवाला ठाऊक, असे म्हणून तीच हसली.

चौथ्या महिन्याची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हाच महिना भुकेचा, आणि आमच्याकडे नेमका ह्याच वेळी ताटातला भात कमी व्हायचा. गर्भ मोठा झाला तर सुटका कठीण होईल ही भीती. लोहाच्या गोळ्याही त्याच भीतीने आढ्यात खोचून ठेवीत. चौथा महिना सरताना गर्भ जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा असतो. त्याचे अडीच-तीन किलो व्हायचे ते पुढच्या पाच महिन्यांत आईच्या ताटातूनच. ती शेकडा ४२ बाळे हलकी का होती, याचे थोडे उत्तर आपल्याच चुलीपाशी आहे. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दवाखाना दूर आणि मध्ये पूर, अशा ठिकाणी अडलेल्या बाळंतपणाची भीती काही खोटी नव्हती.

भामरागडकडे तर ती अजूनही आहे. पर्लकोटेला पूर आला की पलीकडची गावे तुटतात. तिकडे चौथ्या महिन्यात पहिला हिशेब करायचा तो प्रसूती पावसाळ्यात येते की काय याचा. आरोग्यकेंद्रांना लागून ‘माहेरघर’ म्हणून खोल्या काढल्या आहेत. दिवस भरत आले की आधीच तिथे जाऊन राहता येते. नाव फार चांगले शोधले आहे.

आमच्या घरी सुनेची तपासणी झाली आहे. रक्त पाहिले, आपल्या भागात सिकलसेल असतो म्हणून तेही पाहून घेतले. गोळ्या चालू आहेत, त्या आढ्यात जाऊ नयेत म्हणून मीच डबा सांभाळते. मच्छरदाणीची भोके शिवली. मागच्या खोलीला चुना लागला. सांदवाडीच्या बाजूचे दार थंडीत वारा सोडते, त्याला सुतार बोलावला आहे.

त्या खोलीच्या तुळईला सासूबाईंच्या वेळच्या दोन लोखंडी कड्या आहेत. गंजून घट्ट झाल्या होत्या. काल मुलाला म्हटले, शिडी लाव आणि त्यांना तेल दे.