सातबारा संगणकावर येताना

सातबाऱ्याचे संगणकीकरण महाराष्ट्रात जवळपास तीस वर्षे चालले. केंद्राच्या भूमी अभिलेख संगणकीकरण योजनेत १९८८-८९ मध्ये प्रयोगासाठी आठ जिल्हे निवडले गेले, त्यांत वर्धा होता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तो १ मे २०१८ पासून. एवढ्या काळात यंत्रे आणि प्रणाली बदलत गेल्या, पण खरी अडचण काम करण्याच्या पद्धतीत होती.

सुरुवातीची पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ होती: आधी गरजा ठरवायच्या, मग आराखडा, मग प्रणाली, मग माहितीची नोंद आणि तपासणी अगदी शेवटी. ‘वॉटरफॉल’ नावाने ओळखल्या गेलेल्या या क्रमाची आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखात आहे. हा क्रम जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे, असे रॉइस यांनी त्याच लेखात बजावले होते. आकृती उचलणाऱ्या अनेकांनी पुढचा मजकूर वाचला नसावा.

तलाठ्याचे दप्तर तालुक्याच्या संगणकात उतरवले जात असताना गावात वारस, वाटणी, खरेदीखत थांबत नव्हते. फेरफार हाताने होतच राहिले. परिणामी एकाच जमिनीचे दोन उतारे तयार झाले, आणि ते जुळत नव्हते. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात हे जास्त जाचक ठरणारे. पोटहिस्से लहान, सामायिक खातेदारांची यादी लांब, त्यांतले कितीतरी चाकरमानी मुंबईत. शिवाय इथल्या देवस्थानाचे नावच ‘इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान’. इनाम म्हटले की धारणाधिकार आणि ‘इतर हक्क’ या रकान्यांतला शब्दन् शब्द मोलाचा. एका गटाला एकच मालक असे गृहीत धरून आखलेली प्रणाली अशा गावात लगेच अडते.

शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने वेगळा निर्णय घेतला: तालुक्याचे काम पुरे झाले की तिथल्या हस्तलिखित उताऱ्याची वैधताच संपवली. असा एकदम पालट आचऱ्याला गावपळणीतून ठाऊक आहे. रामेश्वराचा कौल झाला की माणसे गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतात. ते जमते, कारण काय न्यायचे, कुठे राहायचे, कोणी काय करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. काम असे पूर्ण माहितीचे असेल तर आधी आखून एका झटक्यात पार पाडणे हीच शहाणी पद्धत. सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र चुका किती आणि कुठे आहेत, हेच आधी कळणे शक्य नव्हते.

म्हणून पुढे रीत बदलली. ई-फेरफार प्रणालीत ‘एडिट’ आणि नंतर ‘री-एडिट’ अशा दुरुस्तीच्या फेऱ्या आल्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन झाले: संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर वाचायचे, आक्षेप घ्यायचे, हस्तलिखिताशी ताडून चुका काढायच्या. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मांडलेल्या ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनाम्याचा भर हाच होता: चालते काम लवकर दाखवा, वापरणाऱ्याला सोबत घ्या, बदल स्वीकारा. चावडीवाचन त्याचे अस्सल देशी रूप म्हणावे लागेल. उणीव एवढीच की ते फार उशिरा आले.

तरीही सगळेच काम फेऱ्यांवर सोडता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोटीस द्यावी लागते, हरकतींसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात, मगच नोंद प्रमाणित होते. हा क्रम प्रणालीला जसाच्या तसा पाळावा लागतो. पडद्याची मांडणी, दुरुस्तीच्या सोयी, तपासणीचे अहवाल मात्र वापर पाहून बदलता येतात. कायद्याने बांधलेला भाग आधी आखलेल्या क्रमाने आणि बाकीचा टप्प्याटप्प्याने, अशी मिश्र पद्धतच इथे योग्य होती, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

त्यानंतरच्या ई-पीक पाहणीत हा धडा लवकर उपयोगी पडला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची सोय राज्यभर झाली. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती आली. तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येऊ लागली आणि तलाठ्याकडे दहा टक्के नोंदींची पडताळणी राहिली.