मुदत उलटण्यापूर्वी

पौषातल्या रात्री माळव्यात किती दीर्घ वाटतात, हे तेथील थंडी सोसलेल्यांस सांगावयास नको. घरातील वडीलधाऱ्या पुरुषांना मात्र त्या अधिकच दीर्घ का होतात, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. रात्री चारपाच वेळा उठावे, अंधारात चाचपडत मोरीकडे जावे आणि निमूटपणे पुन्हा पांघरुणात शिरावे, हा क्रम ते वर्षानुवर्षे चालवितात. विचारल्यास ‘थंडी आहे, चालायचेच’ एवढेच उत्तर मिळते.

इंदूरचे माझे थोरले काका त्यांतलेच. एका डिसेंबरात त्यांनी कोणीतरी दिलेली सर्दीची गोळी घेतली आणि पहाटेपर्यंत लघवी पूर्णपणे कोंडली. रुग्णालयात नळी घालून मूत्राशय मोकळे केल्यावर ते डोळे मिटूनच म्हणाले, ‘अरे, ह्या वयात हे कोणाला सांगायचे?’

वस्तुतः ह्या दुखण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाभोवती पुरुषांना प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते व उतारवयात ती वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. थंडीत घाम कमी येतो आणि लघवी अधिक होते. त्याच वेळी ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू आवळतात. नाक मोकळे करणारी काही औषधे ते स्नायू आणखी आवळतात. काकांच्या बाबतीत हेच घडले.

हा रोग जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत गुद आणि बस्ती ह्यांच्यामध्ये उठणाऱ्या कठीण, अचल गाठीचे वर्णन आहे. तथापि ती गाठ समूळ काढण्याचे धाडस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रूढ झाले नव्हते. तोवर रुग्णाच्या वाट्याला मुख्यतः नळीच होती, आणि नळीमागोमाग येणारा ज्वर.

ही कोंडी फोडणाऱ्यांपैकी एकाचा हात हिंदुस्थानात तयार झाला होता. पीटर फ्रायर हा आयरिश शल्यविशारद १८७५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. मूत्राशयातील खडा आतल्या आत फोडून त्याच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत बोस्टनच्या बिगेलो ह्याने १८७८ साली पुढे आणली. तीत फ्रायर उत्तर हिंदुस्थानात निष्णात झाला. रामपूरच्या नवाबाने त्याला लाखाची दक्षिणा दिली आणि तीवरून सरकारशी वाद ओढवला. त्याच दशकात इंदूरच्या रेसिडेन्सीचे शल्यविशारद कीगन ह्यांनी तीच पद्धत लहान मुलांवरही यशस्वी करून दाखविली. मुलांचा मूत्रमार्ग तीस फार अरुंद, ही तोवरची समजूत त्यांनी खोटी ठरविली.

लंडनला परतल्यावर फ्रायरने डिसेंबर १९०० मध्ये पोटाकडून मूत्राशय उघडले आणि बोटाने वाढलेली गाठ, संत्र्याची फोड सालीतून सोडवावी तशी, सोलून काढली. १९०१ साली त्याने ही पद्धत आपली म्हणून प्रसिद्ध केली. परंतु न्यूयॉर्कच्या फुलर ह्याने तशीच शस्त्रक्रिया १८९४ सालीच केलेली होती, आणि त्यावरून कडाक्याचा वाद झाला. वकील ह्या नात्याने निकाल द्यावयाचा झाल्यास, प्राथम्याचा हक्क फुलरचा. मात्र १९१२ साली एक हजार शस्त्रक्रियांचा वृत्तांत जगापुढे ठेवून सामान्य शल्यवैद्यास धीर दिला, तो फ्रायरने.

त्यानंतर मार्ग प्रशस्त होत गेला. मूत्रमार्गातूनच गाठ कापून काढणारी उपकरणे १९२६ नंतर सुधारत गेली. ग्रंथीचा आकार कमी करणाऱ्या फिनास्टेराइडला १९९२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तर १९९७ साली आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनला. आता तर पोटावर छेद न घेता लेसरने गाठ सोलून काढतात. म्हणजे बोटाचे काम किरणांकडे आले, एवढेच.

मग उणीव कोठे राहिली? ती आपल्या मौनात. वैद्यकाने शंभर वर्षांत जे अंतर कापले, ते अंथरुणापासून वैद्याच्या दारापर्यंतचे अंतर आपले वडील कापीत नाहीत. मुदत उलटलेल्या अपिलासही सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होतो; तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचल्यावर मात्र कोणतेही कारण चालत नाही.

काकांवर पुढे शस्त्रक्रिया झाली. गेल्या हिवाळ्यात मी गेलो, तेव्हा ओट्यावर उन्हात बसून ते समवयस्कांना सांगत होते, ‘सर्दीची गोळी घेण्याआधी डॉक्टरला विचारा, आणि रात्री किती वेळा उठता, तेही सांगा.’ मंडळी प्रथम हसली. थोड्या वेळाने त्यांतील एकाने हळूच त्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.