राजधानीतील बिऱ्हाडे

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद परप्रांती नोकरी करणाऱ्याइतका दुसऱ्या कोणास जाणवत नसावा. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. घर वाडवडिलांकडून येते. बिऱ्हाड बदलीच्या एका हुकुमाबरोबर मांडले जाते आणि दुसऱ्या हुकुमाबरोबर उठते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण दिल्लीच्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आम्हां लोकांना तर अधिकच लागू पडते. कारण कायद्याच्या भाषेत आम्ही धड भाडेकरूही नव्हे. आमच्या पगारातून कापली जाते ती रक्कम भाडे नसून परवाना शुल्क असते. नोकरी आहे तोवर राहण्याची मुभा, एवढाच त्याचा अर्थ. असे असूनही शंभरांहून अधिक वर्षे या परवान्याच्या खोल्यांतून संसार झाले, लग्ने लागली, मुले वाढली. हे घरपण आले कोठून, याचे उत्तर शोधावयाचे तर राजधानीच्या नकाशापासूनच आरंभ करावा लागतो.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज याने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. इतिहासाच्या पुस्तकांत राजधानी हलली एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात हलली ती कारकुनांची बिऱ्हाडे. १९१२ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या बाजूस तात्पुरते सचिवालय उभे राहिले. त्याच इमारतीत आज दिल्लीची विधानसभा भरते. त्याच्या उत्तरेस तिमारपूर येथे कारकुनांसाठी क्वार्टर्स झाली आणि तेथे कलकत्त्याहून आलेली बंगाली कुटुंबे राहू लागली. तिमारपूरची दुर्गापूजा दिल्लीतील सर्वांत जुन्या पूजांत गणली जाते. ज्यांना चार भिंती सरकारने दिल्या होत्या त्यांनी आपले गाव उभे केले ते भिंतींच्या बाहेर, साऱ्या वसाहतीच्या पूजेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. लट्यन्स आणि बेकर यांची नावे सर्वांच्या ओठी आहेत. परंतु कनॉट प्लेस आणि सरकारी नोकरांची हजारो घरे रॉबर्ट टॉर रसेल याच्या देखरेखीखाली आखली गेली, हे तितकेसे कोणास ठाऊक नसते. या शहराच्या रचनेत एक कठोर तर्क होता. सरकारी श्रेणीत ज्याचे जे स्थान, तेच त्याच्या घराचे नकाशातील स्थान. वरिष्ठांना दक्षिणेकडे ऐसपैस आवाराचे बंगले, हिंदी कारकुनांना गोल मार्केटच्या आसपास चौकांभोवती रांगेने बांधलेली घरे. पगार कळला की पत्ता कळावा, आणि पत्ता कळला की पगार, अशी ही व्यवस्था होती.

त्या काळच्या सरकारी कागदांत कारकुनांच्या घरांचे आणखी एक मौजेचे वर्गीकरण आढळते: ‘ऑर्थोडॉक्स’ आणि ‘अनऑर्थोडॉक्स’. पहिली घरे हिंदी पद्धतीने राहणाऱ्यांसाठी, दुसरी साहेबी पद्धतीने राहणाऱ्यांसाठी. माणूस जमिनीवर पाटावर बसून जेवतो की टेबलाशी, हा प्रश्न जणू सरकारी फायलीत निकालात निघाला होता! आज आम्हांस याचे हसू येते. परंतु घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे, ती राहण्याची एक रीत आहे, एवढे तरी त्या परक्या सरकारला उमगले होते. चुकले ते येथे की, ही रीत दोन खणांत बसेल असे त्याने मानले. बंगाली, मद्रासी, पंजाबी आणि मराठी या चौघांची ‘ऑर्थोडॉक्स’ स्वयंपाकघरे एकमेकांपासून किती भिन्न असतात, हे त्या खणांना काय ठाऊक!

त्यातही या घरांत वर्षभर राहणे सर्वांच्या नशिबी नव्हते. १८६४ पासून सिमला ही उन्हाळी राजधानी होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही प्रथा मोडेपर्यंत फायलींच्या पेट्यांबरोबर अनेक कारकुनांनाही दरसाल डोंगर चढावा लागे. एका वर्षात दोन बिऱ्हाडे मांडावयाची आणि दोन उठवावयाची! लोणच्याची बरणी कोठे ठेवावी हा प्रश्न ज्या गृहिणींना वर्षातून दोनदा पडला, त्यांची नोंद कोणत्याही गॅझेटियरात नाही.

१९४७ साली फाळणी झाली आणि दिल्लीत घरांची टंचाई पराकोटीला पोचली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम खाते एका मराठी माणसाकडे, काकासाहेब गाडगीळांकडे होते. त्या पहिल्या वर्षांत दक्षिणेकडील मोकळ्या रानात सरकारी नोकरांच्या नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. कनिष्ठ नोकरांसाठी विनयनगर आणि सेवानगर, वरिष्ठांसाठी माननगर आणि शाननगर. साहेब गेला, पण त्याचा तर्क नावांतून मागे राहिला! कारकुनाने विनय धरावा, सेवा करावी. मान आणि शान यांचे धनी निराळे. लोकशाहीला हे शोभेना, म्हणून पुढे ही नावे बदलली. विनयनगराच्या निरनिराळ्या भागांना सरोजिनीनगर, लक्ष्मीबाईनगर, नौरोजीनगर, नेताजीनगर अशी नावे मिळाली. सेवानगरचे कस्तुरबानगर झाले. घरांची प्रतवारी मात्र टाइपांच्या आकड्यांत शिल्लक राहिली. १९६३ च्या वाटपनियमांत ती होती आणि २०१७ च्या नव्या नियमांतही ती आहे.

अशा तर्हेने नेमून दिलेल्या घरात माणसाने आपले असे काय करावे? भिंतीत खिळा ठोकावयाचा तरी मन कचरते. ताबा घेताना दारे, नळ, पंखे, दिवे यांची यादी करून सही करावयाची आणि सोडताना ती यादी जुळवून द्यावयाची. गळके छप्पर घेऊन वसाहतीतल्या ‘इन्क्वायरी’च्या पायऱ्या किती वेळा झिजवाव्या लागतात, हे वाचकांना सांगावयास नको. म्हणून या वसाहतींचा इतिहास पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. घरपण आले ते यादीतल्या वस्तूंत नव्हे, तर ज्या जागा नकाशाने कोणालाच नेमून दिल्या नव्हत्या त्या जागांत.

मागचे अंगण घ्या. तेथे तुपाच्या रिकाम्या डब्यात तुळस आली. शेजारी कढीलिंब आला, कारण त्यावाचून आमची फोडणी आणि मद्रासी शेजाऱ्यांचे सांबार दोन्ही अडून बसत. गच्ची घ्या. वीज बेभरवशाची असताना उन्हाळ्याच्या रात्री साऱ्या वसाहतीच्या खाटा गच्चीवर आणि अंगणात पडत, आणि दिवसा ज्यांच्यात हुद्द्याचे अंतर असे ते रात्री एकाच आभाळाखाली निजत. याच गच्चीच्या कठड्याला चैत्रात गुढी बांधली गेली आणि ही काठी कशाची, असे विचारणाऱ्या पंजाबी शेजारणीच्या हातावर कडुलिंबाची पाने व गूळ आला. चौकातले मैदान घ्या. तेथे भाद्रपदात गणपतीचा मांडव पडला, आश्विनात दुर्गेचा, आणि रामलीला तर होतीच. आपल्या गावी असताना आम्ही केवळ आपला सण केला असता; या मैदानाने आम्हांला चारचौघांचे सण दिले.

अंगणात लिंबू लावणाऱ्याला पक्के ठाऊक असे की, फळ धरू लागेल तेव्हा त्या दाराशी दुसऱ्याच्या नावाची पाटी असेल. तरीही तो लावीत असे, आणि आपल्याआधी कोणी लावलेल्या शेवग्याच्या शेंगा काढीत असे. मालकीच्या घरात माणूस पुत्रपौत्रांसाठी झाडे लावतो. बिऱ्हाडकरूने ती अनोळखी माणसासाठी लावली. ताब्याच्या यादीत या झाडांना जागा नव्हती, म्हणूनच बहुधा ती हातोहात देता-घेता आली.

या इतिहासाचे आता नवे प्रकरण सुरू झाले आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर यांसह सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे उभारावयाची, आणि खर्चासाठी काही भाग व्यापारी उपयोगास द्यावयाचा, अशी ती योजना. २०१८ मध्ये हजारो झाडे तोडली जाणार असे कळताच लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थोपविली. झाडांसाठी उभे राहणाऱ्यांत तेथे राहत नसलेलेही पुष्कळ होते.

जुन्या क्वार्टर्सचे गोडवे गाण्यात आम्हांस स्वारस्य नाही. ती गळत, त्यांत वाळवी लागे, आणि घरासाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या सहकाऱ्याला दुप्पट घरांचे मोल अधिक कळते. प्रश्न वेगळाच आहे. नव्या उंच इमारतींत प्रत्येक चौरस फूट कशाला ना कशाला नेमून दिलेला असतो. वाहनतळ आहे, उद्वाहन आहे, बागेला माळी आहे. अंगण नाही, आणि गच्चीला बहुधा कुलूप असते. ज्या बेवारशी जागांत आमच्या आधीच्या पिढ्यांनी घर केले, त्या तेथे सहजासहजी सापडणार नाहीत.

म्हणून त्या शोधून काढणे हे आता आमच्याकडे आलेले काम आहे. दोन दारांमधला बोळ, जिन्याचे वळण, तळमजल्यावरचा रिकामा कोपरा यांतून काही जमते का ते पाहावे. यंदाची गुढी आपल्या बाल्कनीतच न उभारता त्या सामाईक कोपऱ्यात उभारून पाहावी, आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते याची चौकशी करावी. बदलीचा हुकूम येईल तेव्हा येईल. तोवर कुंडीतला कढीलिंब समोरच्या दाराशी ठेवून द्यावयास हरकत नाही.